गाडी कुणी केली?

१९७३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ॲक्रन नावाच्या शहरात, खेळातल्या एका गाडीचा एक्स-रे काढला गेला. गाडी चौदा वर्षांच्या एका मुलाची. तिला इंजिन नाही, पेडल नाही. उतारावर सोडायची आणि ती आपल्या वजनाने खाली येणार, एवढंच. या गाडीने नुकतीच देशातली मुलांची सगळ्यांत मोठी शर्यत जिंकली होती. पण पाहणाऱ्यांच्या मनात पाल चुकचुकली होती. ही गाडी सुटताना इतरांपेक्षा जरा जास्तच झटकन सुटत होती, आणि फेरीमागून फेरी होत गेली तशी तिची आघाडी कमी कमी होत गेली.

एक्स-रेमध्ये गाडीच्या नाकात विद्युतचुंबक दिसला. या शर्यतीत गाड्या उतारावर पोलादी पट्टीला नाक टेकवून उभ्या असतात. इशारा झाला की पट्टी पुढे पडते आणि गाड्या सुटतात. त्या मुलाने डोकं मागे टेकलं की मागचं बटण दाबलं जायचं, चुंबकात वीज यायची आणि पुढे पडणाऱ्या पट्टीबरोबर गाडीही ओढली जायची. फायदा डोळ्याचं पातं लवण्याएवढा, पण उतारावर तेवढा पुरतो. बॅटरी उतरत गेली तशी आघाडीही उतरत गेली. बक्षीस काढून घेऊन दुसऱ्या आलेल्या मुलाला दिलं.

चौदा वर्षांच्या पोराला हे एकट्याला सुचलं असतं तर मी तरी आधी टाळी वाजवली असती आणि मग बक्षीस काढून घेतलं असतं. पण यामागे होते त्याचे अंकल. इंग्रजीत काका-मामा सगळे अंकलच, म्हणून मीही अंकलच म्हणतो. बर्फावर घसरण्याच्या खेळाचे बूट बनवून नाव कमावलेले हे कारखानदार. आदल्या वर्षी, १९७२ साली, त्यांच्याच मुलाने ही शर्यत जिंकली होती. पकडले गेल्यावर त्यांचा बचाव साधारण असा होता की इथे मोठी माणसं नियम वाकवतातच, आम्हीच काय ते वेगळं केलं? बचाव लंगडा खरा, पण त्यात अजिबात तथ्य नव्हतं असंही म्हणता येत नाही.

शाळकरी मुलांच्या हातून यंत्रं घडवून घेणाऱ्या स्पर्धा आज जगभर चालतात. त्यांचा इतिहास वाचायला घेतला की बक्षिसांच्या याद्या लवकर कंटाळा आणतात. माझं लक्ष वेधून घेतलं ते एका प्रश्नाने, जो दर पिढीत नव्याने उभा राहतो. समोर ठेवलेली वस्तू केली कुणी? मुलाने की त्याच्या बापाने? आणि बापाने हात लावायचाच नसेल, तर पोराने शिकायचं कुणाकडून?

या शर्यतीचा जन्म मात्र अगदी निरागस आहे. १९३३ चा उन्हाळा, अमेरिकेत महामंदी. डेटन शहरातल्या एका वृत्तपत्राचे छायाचित्रकार मायरन स्कॉट यांना काही पोरं घरी ठोकून बनवलेल्या गाड्या उतारावरून पळवताना दिसली. साबणाची, संत्र्याची लाकडी खोकी, पत्र्याचे तुकडे, बाबागाडीची चाकं, असलं सगळं सामान. स्कॉटनी त्यांना पुढच्या आठवड्यात आणखी मुलं घेऊन यायला सांगितलं, आणि मग वृत्तपत्राच्या मदतीने मोठी शर्यतच जाहीर केली. तिला ३६२ मुलं आली. १९३४ साली ती राष्ट्रीय झाली, १९३५ मध्ये चढउताराच्या ॲक्रन शहरात गेली, आणि १९३६ पासून तिथे खास बांधलेल्या उतारावर ती होऊ लागली. नाव पडलं सोपबॉक्स डर्बी, म्हणजे साबणाच्या खोक्यांची शर्यत. पैसा पुरवला शेव्हरोले मोटार कंपनीने. (हे स्कॉट पुढे शेव्हरोलेतच नोकरीला लागले आणि १९५३ साली आलेल्या कॉर्व्हेट या गाडीचं नाव त्यांनीच सुचवलं. छायाचित्रकाराच्या नजरेला काय काय दिसतं पाहा.)

आपल्याकडे ज्यांचं बालपण खाणपट्ट्यात गेलं त्यांना ही गाडी वेगळी समजावून सांगायला नको. डिचोली-सांग्याकडे ट्रकच्या गॅरेजांतून टाकून दिलेली बेरिंगं मिळायची. एका फळीला पुढे-मागे आडव्या पट्ट्या, टोकांना बेरिंगं, पुढच्या पट्टीला सुंभ बांधला की झालं सुकाणू. डांबरी उतारावरून ती गाडी येऊ लागली की तिचा खडखडाट वाड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. फरक एवढाच की आमच्याकडे कुणी छायाचित्रकार आला नाही. आले ते शिव्या घालणारे शेजारी.

डर्बीचा मूळ नियम साधा होता. गाडी मुलाने स्वतः करायची. पण बक्षिसं मोठी झाली, महाविद्यालयाच्या शिष्यवृत्त्या मिळू लागल्या, हजारो प्रेक्षक जमू लागले, तशी मुलाच्या मागे बापाची सावली दिसू लागली. आणि बाप म्हणजे खरोखरच बाप, कारण १९७१ पर्यंत मुलींना या शर्यतीत मज्जावच होता. मुली आल्यावर चौथ्याच वर्षी, १९७५ साली, पेनसिल्व्हेनियातली अकरा वर्षांची एक मुलगी जिंकली. तेही एक हात प्लास्टरमध्ये असताना.

आता मी पडलो कारकून. नियम कसा मोडतो हे बघण्यात आमचा जन्म जातो. जो नियम पाळला गेला की नाही हे तपासताच येत नाही, तो नियम कागदावर कितीही सुंदर असला तरी प्रामाणिक माणसाला तोट्यात घालतो आणि लबाडाला फायद्यात. घराच्या बंद दारामागे रंधा कुणी चालवला, हे ॲक्रनचे पंच कसे सांगणार? त्यामुळे जो बाप खरोखर दूर राहिला त्याचं पोर हरलं.

आपल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनातही हेच चालायचं. मी हायस्कूलमध्ये असताना तालुक्याच्या प्रदर्शनात जलविद्युत प्रकल्पाची एक प्रतिकृती आली होती. डोंगर, धरण, खाली फिरणारं चाक, गावात लुकलुकणारे दिवे. काम सुताराचं, रंग पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचा, आणि हे सगळ्यांना ठाऊक. पोरगा बिचारा पाठ केलेलं भाषण म्हणायचा. मध्येच एका परीक्षकाने विचारलं, दिवे बॅटरीवर आहेत की चाकावर? पोरगा गप्प. पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं. त्या पोराचा राग मला तेव्हाही आला नव्हता. तीन आठवडे घरात सुतार काम करत होता आणि याला कुणी हातात पटाशी दिली नाही, नुकसान त्याचंच झालं.

या कोड्याला एक वेगळंच उत्तर सापडलं, ते एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित तंत्रविद्यापीठात. ते शाळेपर्यंत पोचायला वीसेक वर्षं लागली. तिथे प्रत्येक विषयाला आकडा असतो. यंत्ररचनेची ओळख करून देणाऱ्या विषयाचा आकडा होता २.७०. १९७० च्या दशकात हा विषय वुडी फ्लॉवर्स या प्राध्यापकांच्या हाती आला. १९४३ साली लुइझियाना राज्यातल्या जेना या छोट्या गावात जन्मलेला, वेल्डिंग करणाऱ्या बापाचा मुलगा. पुढे डोक्यावरचे केस मागे शेपटीसारखे बांधून हिंडणारा हा प्राध्यापक अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर विज्ञानाचा कार्यक्रम सादर करताना घराघरांत दिसला.

२.७० मध्ये वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक खोकं मिळायचं. आत काय, तर भंगारवाल्याने उचलून न्यावं असं सामान. पट्ट्या, रबर, स्प्रिंगा, पत्रा, दोरे. सगळ्यांची खोकी सारखी. मग एक काम जाहीर व्हायचं, काही आठवड्यांची मुदत मिळायची, आणि शेवटी भरगच्च सभागृहात दोघादोघांची यंत्रं समोरासमोर. परीक्षेला लोक तिकीट काढून येतील की काय असं वाटावं इतका गलका. खोकं सारखं असल्यामुळे पैशाचा प्रश्न मिटला. उरलं ते डोकं आणि हात. आणि दोघांचं यंत्र एकसारखं कधीच व्हायचं नाही, जे त्या प्राध्यापकांना दाखवायचं होतं तेच.

जपानमध्ये याच वळणाची चळवळ उभी राहिली. टोकियो तंत्रविद्यापीठाचे मासाहिरो मोरी हे तिचे आद्य पुरुष. १९८८ साली तिथल्या एनएचके या दूरचित्रवाणीने तांत्रिक विद्यालयांच्या, म्हणजे पंधराव्या वर्षी प्रवेश मिळणाऱ्या मुलांच्या, यंत्रमानवांची स्पर्धा सुरू केली. २००२ पासून तिचा आशियाई अवतार निघाला, महाविद्यालयांसाठी, आणि २००८ साली तो पुण्यात भरला. विषय होता गोविंदा! उंच टांगलेल्या मटक्यातलं लोणी यंत्रांनी काढायचं. चीन, जपान, व्हिएतनामची पोरं दहीहंडीचं गणित सोडवताहेत हे दृश्य मराठी माणसाने पाहायला हवं होतं. त्या मानाने आपल्या वर्तमानपत्रांनी त्याची फार दखल घेतली नाही. असो.

शाळेकडे ही कल्पना नेली डीन केमन यांनी. हे संशोधक, औषधाची मात्रा आपोआप देणाऱ्या पंपांनी श्रीमंत झालेले. २००१ साली आलेली सेगवे ही दोन चाकांची उभी गाडी यांचीच. स्वतः इंजिनिअरिंगचं शिक्षण अर्धवट सोडलेलं. केमनचं दुखणं असं की अमेरिकेतल्या पोरांना बास्केटबॉलचे खेळाडू नावानिशी पाठ, पण हयात असलेल्या एका शास्त्रज्ञाचं नाव सांगता येत नाही. समाज ज्याचा उत्सव करतो तेच त्याच्या पदरात पडतं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा विज्ञानाचाही उत्सव करू, ढोलताशांसकट. १९८९ मध्ये त्यांनी फर्स्ट ही संस्था काढली, फ्लॉवर्सना सोबत घेतलं, आणि १९९२ साली न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मँचेस्टर गावी, एका हायस्कूलच्या व्यायामशाळेत, पहिली स्पर्धा भरवली. २८ संघ. जमिनीवर मक्याचे दाणे पसरलेले आणि त्यातून यंत्राने टेनिसचे चेंडू गोळा करायचे. मक्यात चाकं रुतणार, घसरणार, हे उघडच होतं. मुद्दाम केलेली खोडी ती.

आता मघाच्या अंकलचं काय झालं ते बघा. डर्बीने त्यांना दाराबाहेर ठेवलं होतं, म्हणून ते खिडकीतून आत आले. केमन आणि फ्लॉवर्स यांनी त्यांना मुख्य दरवाजातून बोलावलं. प्रत्येक शाळेच्या संघाबरोबर एखाद्या कंपनीचे किंवा विद्यापीठाचे इंजिनिअर जोडून दिले आणि सांगितलं, पोरांच्या शेजारी उभे राहा, सगळ्यांच्या देखत काम करा. किती काम मोठ्यांनी करायचं आणि किती मुलांनी, याची टक्केवारीच ठरवली नाही. पोराने लेथवर हात ठेवण्याआधी लेथवर बसलेला हात पाहावा, एवढीच अपेक्षा. (लहान मुलांसाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीस लेगो कंपनीबरोबर जी धाकटी स्पर्धा निघाली, तिथे मात्र काम मुलांनीच करायचं असा दंडक आहे. वयाप्रमाणे तो योग्यही आहे.)

यावर टीका भरपूर झाली आणि आजही होते. काही संघांची यंत्रं इतकी चकचकीत की ती मोठ्यांनीच केली हे आंधळ्यालाही कळावं, आणि पोरं फक्त झेंडे नाचवायला. टीका खोटी नाही. तरीही मला केमन-फ्लॉवर्स यांचा मार्ग डर्बीपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो. जे होणारच आहे ते उजेडात होऊ द्यावं. आपल्या सुताराच्या त्या धरणात दोष सुताराचा नव्हता. पोरगा त्याच्या शेजारी बसलेला नव्हता, हा दोष होता.

फ्लॉवर्सनी आणखी एक गोष्ट रुजवली. तिला त्यांनी नाव दिलं ग्रेशस प्रोफेशनलिझम. याचं शब्दशः भाषांतर करायला गेलो तर आमच्या खात्याच्या परिपत्रकासारखं काहीतरी तयार होतं, म्हणून मी म्हणतो, काम चोख आणि वागणं गोड. समोरच्या संघाची मोटर जळली तर आपल्याकडची जास्तीची द्यायची आणि मग जीव तोडून त्याच्याशी खेळायचं. हे नुसतं सुविचार म्हणून फळ्यावर लिहिलं नाही, नियमांत बसवलं. १९९९ पासून संघ एकेकटे खेळेनात, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे जोड्या लागू लागल्या. सकाळचा शत्रू दुपारी सोबती. काही वर्षं तर क्रमवारी ठरवताना हरलेल्या बाजूच्या गुणांनाही भाव होता, म्हणजे समोरच्याला धुळीला मिळवून आपलंच नुकसान. २००१ साली विरोधकच काढून टाकला, चार संघ मिळून घड्याळाशी झुंजले. तो प्रयोग पुन्हा तसाच झाला नाही. शत्रू नसला की प्रेक्षकांना जांभया येतात.

आणि खोकं? इथे मात्र गोष्ट थोडी कडू होते. सुरुवातीच्या वर्षांत खोक्यातल्या वस्तू आणि मोजकंच बाहेरचं सामान वापरता येई. संघ वाढले, आज ते तीन हजारांच्या वर आहेत, यंत्रं माणसाएवढ्या वजनाची झाली, बाहेरच्या सामानाची मोकळीक वाढली, आणि नुसतं नोंदणी शुल्कच हजारो डॉलरांत गेलं. समानता टिकवण्यासाठी एक नियम होता. सहा आठवडे काम करायचं, मग यंत्र पिशवीत घालून क्रमांकाचं सील ठोकायचं, स्पर्धेपर्यंत हात लावायचा नाही. मतपेटी सील करण्याच्या कामावर ज्यांनी रात्री काढल्या आहेत त्यांना याचं मोल कळेल. पण श्रीमंत संघांनी काय करावं? त्यांनी तस्संच दुसरं यंत्र बनवलं! एक पिशवीत, दुसऱ्यावर सराव आणि सुधारणा चालू. शेवटी २०२० च्या हंगामापासून सीलची पद्धतच बंद करण्यात आली. गरीब संघ नियम पाळून मागे पडत होते. ॲक्रनचीच कथा, फक्त चुंबक नव्हता.

सारख्या खोक्याची कल्पना पुन्हा जिवंत झाली ती २०१७ साली. केमननी देशादेशांची स्पर्धा काढली, प्रत्येक देशाचा एक संघ, प्रत्येकाला तेच खोकं. वॉशिंग्टनला दीडशेहून अधिक देशांची पोरं जमणार होती. अफगाणिस्तानातून हेरात शहरातल्या मुलींचा संघ निघाला. त्यांचं खोकं सुरक्षेच्या कारणावरून कित्येक महिने सरकारी कचेऱ्यांत अडकलं. इतर देशांची पोरं मोटारी जोडत होती तेव्हा या मुली घरात मिळेल त्या सामानाने सराव करत होत्या. व्हिसासाठी त्यांनी हेरात ते काबूल असा शेकडो मैलांचा धोक्याचा प्रवास दोनदा केला, दोनदा नकार मिळाला. जगभर बोभाटा झाल्यावर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या मध्यस्थीने ऐनवेळी दारं उघडली. खोकं अडवणारा आणि अर्जावर नकाराचा शिक्का मारणारा आमच्याच जातकुळीचा कुणी कारकून असणार, आणि त्याने नियमाबाहेर काहीही केलं नसणार, हे वाचताना माझ्या सारखं मनात येत होतं. त्या मुली धैर्याचं रौप्यपदक घेऊन परतल्या. २०२० च्या साथीत हेरातच्या याच गटाने टोयोटा करोलाच्या वायपरची मोटर आणि होंडा मोटरसायकलची चेन वापरून स्वस्तातलं श्वसनयंत्र तयार केलं. २०२१ मध्ये तालिबान आले आणि त्यांतल्या अनेकींना देश सोडून कतारला जावं लागलं.

हे सगळं आज लिहायला कारण असं की आता खोकी आपल्याही दारात आली आहेत. केंद्राच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा २०१६ पासून निघाल्या, निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान. गोवा सरकारनेही या दशकात केअर्स योजनेखाली शाळांतून कोडिंग आणि रोबोटिक्स आणलं. योजना चांगल्या आहेत, नोकरी सरकारची म्हणून हे म्हणत नाही. पण एका शाळेत मी स्वतः पाहिलं, संच काचेच्या कपाटात कुलूपबंद. मुख्याध्यापकांना विचारलं तर म्हणाले, हरवलं-तुटलं तर जडवस्तू नोंदवहीत मी काय लिहू? प्रश्न रास्त आहे. त्या वहीत 'मुलाने उघडून पाहिलं म्हणून मोडलं' असा रकाना नाही. तो कुणीतरी काढायला हवा, आणि हे काम वरून आदेश आल्याशिवाय व्हायचं नाही.

दुसरी उणीव शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाची. विज्ञानाच्या बाईंना चार दिवसांचं प्रशिक्षण देऊन त्यांच्यावर सगळं सोपवलं आहे. वास्कोच्या गोदीतून निवृत्त झालेला फिटर, बार्जेसवर आयुष्य काढलेला मशिनिस्ट, आयटीआयचे निदेशक, खाणी थांबल्यापासून रिकामी झालेली गॅरेजं, एवढी हातांची श्रीमंती आपल्या गोव्यात घरी बसून आहे. त्यांना शाळेच्या दारातून आत घ्यायला आपल्याकडे पद नाही, मानधनाचा शिरोभाग नाही, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणि बायोडाटा मात्र लागेल.

वाड्यावर हे सगळं विनापरवाना चालतं. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस संध्याकाळी कुठल्याही वाड्यावर जाऊन नरकासुराचा सांगाडा बघा. दहावी-बारावीची पोरं लोखंडी पट्ट्या धरून उभी, पाचवी-सहावीची कागद चिकटवताहेत, आणि मध्ये एखादा वेल्डर किंवा ऑटो इलेक्ट्रिशियन, कामावरून परस्पर आलेला, अजून ग्रीसचे हात. मान वळायला हवी, हात वर-खाली व्हायला हवा, बक्षीस त्यावर ठरतं. रात्रभर तीच झटापट आणि पहाटे सगळं आगीत. आमच्या वाड्यावरच्या नरकासुराची मान गेल्या वर्षी एका जुन्या मारुती व्हॅनच्या वायपरच्या मोटरवर फिरत होती. जाळण्यापूर्वी सातवीतला एक मुलगा वर चढून ती काढून घ्यायला विसरला नाही.